बाईंनी परत न केलेली गाडी

"असं होय," बाई म्हणायच्या, आणि समोरच्या माणसाला वाटायचं, आपलं म्हणणं यांना पटलं. आम्हा दवाखान्यातल्यांना खरं ते ठाऊक होतं. बाई नुसतं म्हणाल्या तर काही नाही. पण म्हणता म्हणता चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या, की आम्ही हातातलं काम सोडून तिकडं बघायचो.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. सोलापूरच्या साखर पेठेत बाईंचा बाळंतपणाचा दवाखाना होता आणि मी त्यांच्याकडे नर्स होते. बाई अक्कलकोटकडच्या शेतकरी घरातल्या. कानडी आणि मराठी दोन्ही घरच्याच भाषा. तेलुगू त्या विणकरांच्या बायकांकडून शिकल्या होत्या, पण त्या भाषेत त्यांना फक्त रागावता यायचं. त्या बायकांना त्याचं भारी कौतुक. मुद्दाम औषध चुकवून यायच्या, अशी मला शंका आहे.

खेड्यांतून निरोप आला की बाई एसटीनं जायच्या, नाहीतर बैलगाडीनं. एकदा एसटी वाटेत बंद पडली आणि आम्ही पोचेपर्यंत बाळंतीण गेली होती. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सिस्टर, मी गाडी घेणार."

नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून स्टेशनकडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आम्ही गेलो. शेठनं चहा पाजला, गाडीला हार घातला. क्रीम रंगाची, आरशासारखी चकचकीत गाडी.

"एका हाताची गाडी आहे, बाई. मुंबईच्या एका म्हाताऱ्या वकिलांची. रविवारी देवळापर्यंत न्यायचे, बस्स."

"असं होय," बाई म्हणाल्या. चष्मा नाकावरच होता. त्यांना ते खरंच वाटलं होतं. हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी गाडी घेतली.

थोड्याच दिवसांत गाडी एका अंगाला ओढायला लागली. वळणावर माझ्या बाजूचं दार उघडायचं. मी ते हातानं धरून बसायची. ब्रेक दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागायचा नाही. बाई गाडी घेऊन शेठकडे गेल्या.

"दोष गाडीचा नाही हो," शेठ हसून म्हणाला. "हात बसायला वेळ लागतो. त्यातून बाईमाणूस."

बाईंनी वडिलांची जीप काळ्या रानातून पावसाळ्यातसुद्धा चालवली होती. त्यांनी चष्मा काढला. शेठनं गाडीखाली एक माणूस घातला, काहीतरी आवळल्याचा आवाज आला, आणि शेठ म्हणाला, "आता बघा, लोण्यासारखा ब्रेक."

शाळू काढणीला आला होता तेव्हाची गोष्ट. अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावातून निरोप आला. पहिलटकरीण होती, अडली होती. आम्ही गाडीनं गेलो. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. पोरीला मागच्या सीटवर झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. नवरा पुढं बाईंच्या शेजारी बसला.

शहर जवळ आलं. पुढं रेल्वेचं फाटक पडत होतं. फाटकाशी बैलगाड्या उभ्या, सायकलवाले उभे.

"सिस्टर, पोरीला घट्ट धरा," बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"ब्रेक नाहीत."

भाजीत मीठ नाही म्हणावं, तसं म्हणाल्या. मी पुढं वाकून त्यांचा पाय बघितला. तो पार खाली टेकला होता. त्यांनी गिअर बदलला, गाडी कण्हली, पण थांबेना. हातब्रेक ओढला तर दांडाच हातात आला. रेल्वेची शिट्टी ऐकू आली. गाड्यांपाशी उभी माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. डावीकडं चर होता. बाईंनी स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं आणि गाडी शाळूच्या रानात घुसली. माणसाहून उंच ताटं काचेवर सपासप आपटत होती. मी पोरीवर वाकले होते. मग एक दणका बसला आणि सगळं थांबलं. शेजारून रेल्वे धडधडत गेली.

ती गेल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "बाई, माझं बाळ हाय का?"

बाई मागं आल्या, बाळाचे ठोके ऐकायची नळी तिच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. मी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. तेवढा वेळ मला आजही संपत नाही.

"हाय," बाई म्हणाल्या. "लाथा मारतंय की!"

नवरा धावत फाटकाशी गेला. एका गाडीवानानं आपला कडबा रस्त्यातच उतरवला आणि त्या बैलगाडीतून आम्ही पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगी सुटली, बाळ रडलं. मग व्हरांड्यात कुणीतरी बाईंच्या हातात चहाचा कप दिला, आणि सगळा चहा त्यांच्या लुगड्यावर सांडला. मी कप काढून घेतला, तेव्हा त्यांना कळलं.

मिस्त्रीनं गाडी खोलून बघितली. "बाई, आगे की एक गाडी, पीछे की दूसरी," तो म्हणाला. मध्ये वेल्डिंग होतं. ब्रेकच्या फुटक्या पाइपला रबर गुंडाळून वरून रंग मारला होता.

ट्रॅक्टरला बांधून आम्ही गाडी शेठच्या आवारात नेली. तिथं अकलूजकडचे एक बागायतदार आणि त्यांची बायको दुसरी गाडी बघत होते.

"आत बसून बोलू, बाई," शेठ घाईनं म्हणाला.

"इथंच बोलू."

बाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं, रोग्याची हकीकत सांगावी तसं. शेठचं तोंड लाल झालं. त्याच्या दोन माणसांनी आमच्या मागं फाटक ओढून घेतलं.

"माझ्या धंद्यावर बोट ठेवता? तुमचा दवाखाना या गावात कसा चालतो, तेच बघतो!"

तोच ती अकलूजची बाई आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. "फाटक लावून बायामाणसांला दम देता व्हय? उघडा आदी!"

फाटक उघडलं. तिचा नवराही पुढं झाला होता. शेठचा सूर उतरला. "जाऊ द्या, बाई. पैसे सगळे देतो. किल्ली द्या, गाडी ठेवून जा. विषय संपला."

माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी किल्ली पुढं केली, आणि हात तसाच थांबला.

"गाडीचं काय करणार?"

"ते माझं मी बघतो."

"परत विकणार?"

"तुम्हाला पैसे मिळाल्याशी कारण!"

चष्मा निघाला. "असं होय."

"मोडीत काढतो म्हणा, आणि आत्ता माझ्यासमोर कापा," बाई म्हणाल्या.

"बाई, धंदा आहे माझा."

"मग गाडी माझीच," बाई म्हणाल्या आणि किल्ली मुठीत घेऊन वळल्या.

ट्रॅक्टरमागून परतताना मला राग आवरेना. "बाई, पाटल्या गेल्या तुमच्या. निदान पैसे तरी घ्यायचे."

"सिस्टर, पुढच्या खेपेला मागच्या सीटवर कोण असेल, सांगता येईल तुम्हाला?"

भंगारवाल्याकडे बाई भर उन्हात उभ्या राहिल्या. गाडीचे तुकडे झाले, इंजिनावर घण पडला, तेव्हाच हलल्या. अकलूजच्या मंडळींनी शेठकडून गाडी घेतली नाही. पण शेठचं पुढं काही बिघडलं, असं मात्र नाही. त्याचा धंदा चालू राहिला. बाई पुन्हा एसटीनं हिंडू लागल्या. तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल, ज्याच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही, आणि तरी ते हरलं असं म्हणवत नाही.

बरीच वर्षं गेली. माझी नोकरी बदलली, भेटी कमी झाल्या. उन्हाळ्यातल्या एका दुपारी एसटी स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीत बाई दिसल्या. खिडकीशी बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. शेजारी कुणी अनोळखी बाई मांडीवर कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून बाई गाढ झोपल्या होत्या. ती बाई खांदा न हलवता, अवघडून बसली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं. तिनं मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

गाडी सुटली. मी हाक मारली नाही. त्याच उन्हाळ्यात बाई गेल्याचं मला कळलं.