फटफटीच्या नरड्यातलं जुनेर

या, सरका जरा इकडं. तिथं उंबऱ्यापाशी परक्यासारखं काय बसलाय? आणि तो मोबाइल ठेवा बाजूला. माणूस बोलायला लागलं की यांचा अंगठा सुरू! आमच्या चेअरमनची गोष्ट अशी अर्ध्या कानानं ऐकायची नाही.

कुणाच्याही दोरीवर कापड वाळत दिसलं की हा माणूस थांबायचा, त्याचं टोक तोंडावर धरायचा आणि डोळे मिटून जोरात श्वास ओढायचा. धोतर, उपरणं, लंगोट, काही सोडलं नाही. एकदा पाटलीणबाईंच्या परकराला तोंड लावलेलं त्यांच्या मालकांनीच बघितलं.

"काय चाललंय बे?"

"फिल्टर बगतोय, मालक. दम मोकळा पायजे."

मालकांनी पायातली वहाण काढली. दम किती मोकळा आहे ते वेशीपर्यंत पळताना कळलं असणार.

तसे ते चेअरमन नव्हतेच. खरे चेअरमन कडक इस्त्रीचे, हार घालून घ्यायचा असला की उगवायचे. हे आमच्या दूध सोसायटीत दूध मोजून घेणारे. पण दुष्काळात निम्मी जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, उरलेल्या दुधासाठी टेम्पो येईना. तेव्हा कॅन बांधून केजच्या शीतकरण केंद्रावर न्यायला हेच उभे राहिले. म्हणून आम्ही बायकांनीच त्यांना पद देऊन टाकलं.

फटफटी त्यांच्या सासऱ्याची, जुनाट. तिची कंपनी कधीच बुडालेली, सुटा भाग मिळायचं नाव नको. दिवा नाही, हॉर्न नाही. "आन ब्रेक?" विचारलं तर म्हणायचे, "पाय हायत की!" बाकी मोडलं तरी चालायचं, हवेचा फिल्टर मात्र हवा. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. पाण्याचे टँकर पुढं, धूळ मागं. धुळीनं इंजिनाचा श्वास कोंडला की फटफटी दुधासकट उन्हात उभी. आणि केंद्रावरच्या साहेबांनी बजावलेलं, आणखी एकदा नासकं दूध आलं की तुमच्या गावाचं दूध बंद. शेतं करपलेली, घरात कमावतं काय ते म्हशीचं आचळ. तेही बंद झालं तर खायचं काय?

तर पहिला फिल्टर केला दूध गाळायच्या फडक्याचा, तोही न धुता. उन्हात ते असं आंबलं, की गावची मांजरं फटफटीमागं पळायला लागली. दुसरा केला वाळक्या घोसाळ्याच्या जाळीचा, करडीच्या तेलात बुडवून. तेलाला धूळ चिकटायची खरी, पण इंजिन तापलं की गल्लीभर भज्यांचा वास. माणसं ताटल्या घेऊन बाहेर यायची.

एक दिवस आमच्या दारात. "जयभीम, आजी. एखादं जुनेर द्या की." माझ्या सासूनं वापरून मऊ झालेली लुगडी गोधडीसाठी रचून ठेवलेली.

"कावून रं?"

"फिल्टरला."

"माजं लुगडं तुज्या फटफटीच्या नरड्यात? चल, नीघ!"

पुढं मला तहसीलला जायचं होतं. चेअरमनच्या मागं बसले. दोन्हीकडं कॅन, मांडीवर भाकरीचं गाठोडं. माळावर एका टँकरच्या मागं सापडलो. फटफटी खोकली, काळा धूर सोडला आणि बसली. फिल्टरचा डबा उघडला तर आत घोसाळं कुठलं? तेलात मळलेला मातीचा लाडू! ऊन डोक्यावर आलेलं. चेअरमन कॅनला हात लावून बघत होते, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

मग त्यांची नजर माझ्या गाठोड्यावर गेली. सासूच्याच जुनेराचा तुकडा होता तो, हिरव्या काठाचा. मी भाकरी काढून घेतल्या. त्यांनी फडकं झटकलं, तोंडावर धरलं, श्वास ओढला.

"वैनी, काय दम हाय आजीच्या लुगड्याला!"

घड्या घालून डब्यात कोंबलं. किक मारमार मारली आणि एकदाची धरली बाई तिनं. केजपर्यंत मी वाढप्यासारखी, हातावर भाकरी घेऊन.

केंद्रावर साहेबांनी दूध नळीत घालून तापवलं. आम्ही दोघं श्वास धरून नळीकडं बघतोय. फाटलं नाही! चेअरमन म्हणाले, "सायेब, भाकर खाता का?"

घरी येऊन सासूला सांगितलं. ती आत गेली, अख्खं लुगडं आणलं आणि टर्रकन फाडलं. अर्धं फटफटीला. उरलेलं तिनं स्वतः चेअरमनच्या नाकातोंडाला गुंडाळलं. "फटफटीला गाळणं, आन तुला रं? तू काय लोखंडाचा हायस?"

"मला कुटं किक मारावी लागती, आजी!" म्हणाले आणि खोकत सुटले.

वेशीबाहेर गेले की ते फडकं सोडायचे, ओलं करून कॅनवर टाकायचे. दूध गार राहावं म्हणून. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढं पाऊस बरा झाला, टेम्पो सुरू झाला, आणि चेअरमनला छातीनं नेलं. त्यांच्या बायकोनं फटफटी आमच्या गोठ्यात आणून लावली. म्हणाली, "दारात दिसली की वाटतं, आत्ता कुणाच्यातरी दोरीवर तोंड घालून येतेल."

आता सासूही नाही. उन्हाळा लागला की मी ते जुनेर फटफटीच्या डब्यातून काढते, धुते, दोरीवर टाकते. काठ पांढरा पडलाय. वाळलं की आधी इकडंतिकडं बघते, कुणी नाही ना, आणि तोंडावर धरून श्वास ओढते. मोकळा आहे अजून.

फक्त किक मारायला माझा गुडघा ऐकत नाही. आज चपला घालून आलात म्हणून सोडते तुम्हाला. लवकर या परत किक मारायला, पण बूट घालून या. ती किक उलटी मारते.