ओबरक्लेमबाखचा इतिहास-भूगोल

एर्लांगेनमधल्या आमच्या मराठी कट्ट्यावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. कुणाचा व्हिसा, कुणाचा बॉस, कुणाची चुकलेली ट्रेन. माझ्याकडे आख्खं गाव आहे! "वृंदा, तुझ्या गावाचं काय नवीन?" असं कुणी विचारलं की श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, गुपचूप दुसरा चहा ओतून घेतो. आता ही लवकर थांबत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

मी काही किस्से गोळा करत हिंडत नाही हो. आमच्या गावाखाली माशांच्या तळ्यांची रांग आहे. त्या तळ्यांत गाळ कसा आपोआप साठतो, तसे ते साठतात. अधूनमधून उपसावे लागतात, इतकंच.

*

श्रीकांतला एर्लांगेनमध्ये नोकरी लागली तेव्हा शहरात घर काही मिळेना. मिळालं ते थेट ओबरक्लेमबाखमध्ये. एक चर्च, एक गास्टहाऊस म्हणजे जेवणाचं आणि बिअरचं ठिकाण, बेकरी, उतारावरची घरं आणि खाली तळी. संपलं गाव! मोबाइलवर नकाशे यायच्या आधीचे दिवस ते. बसवाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "तिथे? नक्की?"

घरमालकीण फ्राऊ आमोन. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि आवाज असा की तळ्यापलीकडची बदकं उडावीत. घर दाखवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"नवरा ऑफिसात जाणार. तुम्ही काय करणार?"

मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "पुण्यात शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे."

बाईंनी तिथल्या तिथे फोन फिरवला.

"केर्न! एक इतिहासवाली मिळाली आहे. भूगोल फुकट!"

हेर केर्न म्हणजे गावच्या हाइमाटफरआइनचे अध्यक्ष. गावाचा इतिहास जपणारं मंडळ ते. अध्यक्ष रेल्वेतून रिटायर झालेले, बाकीचे सभासदही पेन्शनरच. आमच्या सामानाची खोकी उघडायच्या आत मी त्या मंडळाची सभासद झाले होते!

*

पहिल्याच मीटिंगला टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरलेला. मी भूगोलाची मास्तरीण. नकाशा दिसला की माझे डोळे आधी उंचीच्या रेषांवर जातात.

आमच्या शेजारचं गाव उंटरक्लेमबाख. उंटर म्हणजे खालचं, ओबर म्हणजे वरचं. या दोन गावांचं पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं. पण नकाशात पाहते तर काय, उंटरक्लेमबाख टेकडीवर आणि आम्ही उतारावर!

मी निरागसपणे विचारलं, "आल्झो, म्हणजे... खालचं गाव आपल्यापेक्षा उंचावर कसं?"

एका आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. फ्राऊ आमोन छताकडे बघायला लागल्या. हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी काढलाच नव्हता. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं, काढला कुणी नव्हता!

हेर केर्ननी घसा साफ केला. नकाशाची घडी घातली.

"फ्राऊ साठे, ओबर हे उंचीने नाही. दर्जाने!"

*

आमच्याकडे ऑक्टोबरात तळी उपसतात. तळ्याचं पाणी सोडून द्यायचं, गाळात सगळ्यांनी उतरायचं आणि जाळ्यांनी कार्प मासे धरायचे. गावातल्या धडधाकट पुरुषाने त्या दिवशी घरी बसायचं नाही, असा अलिखित नियम. श्रीकांत मूळचा रत्नागिरीचा. "मासे काय, लहानपणापासून बघतोय," असं म्हणत रबरी पॅंट चढवून उतरला. आणि पाचव्या पावलाला कमरेपर्यंत रुतला!

दोघांनी काखेत हात घालून ओढला तर माणूस बाहेर आला, एक बूट आत राहिला. गावाला वाटलं, आता हा घरी जाणार. पण हा पठ्ठ्या तसाच, एका पायात बूट, परत गाळात. संध्याकाळपर्यंत हटला नाही. शेवटचा, सगळ्यात दांडगा कार्प त्याने कवेत धरून काठावर आणला. त्या माशाने याच्या थोबाडीत शेपटी मारली ती वेगळीच.

तळ्याचे मालक, तोंडातून शब्द न काढणारे म्हातारे गृहस्थ, जवळ आले. मासा पाहिला, श्रीकांतला पाहिलं आणि म्हणाले, "बास्ड शो."

ही इथली फ्रॅंकिश बोली. अर्थ साधारण, 'ठीकाय, चालेल.' श्रीकांतचा चेहरा पडला. घरी येईस्तोवर धुसफुसत होता. "दिवसभर चिखलात मेलो आणि म्हणे, चालेल!"

फ्राऊ आमोन जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. डोळे विस्फारलेले.

"बास्ड शो म्हणाला तो? खरंच? अहो, माझा नवरा मला हे एकदाच म्हणाला होता. लग्नाच्या दिवशी!"

*

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. मला धाकधूक, आईंना करमणार कसं? भाषा नाही, ओळख नाही, टीव्हीवर सगळं जर्मन. आईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राऊ आमोनना गाठलं. "अहो आमोनबाई, भाजी कुठे मिळते इथे?" शुद्ध मराठीत! बाईंनी शुद्ध फ्रॅंकिशमध्ये उत्तर दिलं. आणि दोघी एर्लांगेनच्या बाजारातून वांगी घेऊन परतल्या. कसं जमलं, मला विचारू नका.

गावात चर्चच्या मागे एक जुनी सार्वजनिक भट्टी आहे. वर्षातून काही वेळा ती पेटवतात आणि सगळं गाव आपापले ब्रेड भाजून नेतं. त्या शनिवारी ब्रेड निघाले, निखारे तसेच लालभडक. आईंचा जीव कळवळला. "एवढा विस्तव फुकट घालवतात?" पदर खोचला आणि आणलेली सगळी वांगी निखाऱ्यांत ठेवून दिली.

वास सुटला. ब्रेड घेऊन घरी निघालेली माणसं परत फिरली. आईंनी तिथेच, लाकडी टेबलावर, वांगी सोलून कालवली. कांदा, मीठ, मिरची, शेंगदाण्याचं कूट, वरून फोडणी. गरम ब्रेडवर भरीत! पातेलं रिकामं झालं तेव्हा पाद्रीबुवा ब्रेडच्या तुकड्याने ते पुसत होते.

बेकरीणबाईंनी फ्राऊ आमोनना विचारलं, "मसाला कुठला हो? विचारा ना त्यांना."

फ्राऊ आमोननी आईंकडे पाहून हातवारे केले. आई लाजून म्हणाल्या, "छे हो, मसाला कसला! मीठ नि कूट, दुसरं काही नाही."

फ्राऊ आमोन गंभीरपणे गर्दीकडे वळल्या आणि भाषांतर केलं.

"म्हणते, घराण्याचं गुपित आहे!"

*

आमची लेक सई तिसरीत गेली तेव्हाची गोष्ट. तिच्याशी मराठीत बोलावं तर ती जर्मनमध्ये उत्तर देते. "सई, जेवलीस का?" "जा, मामा." म्हणजे, हो, आई. मराठी विसरणार पोरगी, म्हणून मला सारखी चिंता.

शाळेत गावाचा भूगोल चालला होता. बाईंनी विचारलं, "आपल्या क्लेमबाख ओढ्याचं पाणी कुठे जातं?" पोरांनी घडाघडा सांगितलं. रेग्नित्झ नदीत, तिथून माइनमध्ये, माइनमधून ऱ्हाइनमध्ये, ऱ्हाइनमधून समुद्रात.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. "आणि इथे ओढा संपला."

सईने हात वर केला. "नाही संपला. समुद्रातून पुढे जातो."

"पुढे कुठे?"

"आमच्या आजीकडे. रत्नागिरीला!"

बाईंनी नकाशा आणला, सईने बोटाने पाणी वळवून वळवून बरोब्बर कोकणात नेऊन सोडलं. हे मला त्या बाईंनीच सांगितलं. त्या संध्याकाळी सईने आजीला फोन लावला आणि मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एकही जर्मन शब्द न घालता पोरगी म्हणत होती, "आजी, आज मी ओढ्यात कागदाची होडी सोडली आहे. तू खाली समुद्रावर जाऊन बघत राहा हं!"

आणि आमच्या आई! त्या महिनाभर रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारून येत होत्या.

*

आता जरा इतिहास. तीस वर्षांच्या युद्धात ओबरक्लेमबाख जळून खाक झालं होतं. आपल्याकडे शिवनेरीवर पाळणा हलला, त्याच सुमाराला. वाचले ते पळाले, आणि बरीच वर्षं इथे नुसतं रान माजलं होतं. मग ऑस्ट्रियातून धर्मापायी हाकललेली प्रोटेस्टंट कुटुंबं आली. त्यांनी रान साफ केलं, पडकी घरं उभी केली, तळ्यांचे फुटलेले बांध पुन्हा घातले. आज गावात जे आहे ते बरंचसं त्या परक्या माणसांचं.

एकदा मंडळाची मीटिंग संपवून आम्ही गास्टहाऊसमध्ये बसलो होतो. शेजारच्या टेबलावर गेऑर्ग नावाचा ट्रॅक्टर-दुरुस्तीवाला. गडी तसा वाईट नाही, पण दोन ग्लास झाले की जीभ सैल. माझ्याकडे तिरकं बघत म्हणाला, "हल्ली गावात बाहेरचे फार यायला लागलेत."

माझं जर्मन रागात नेमकं दगा देतं. हेर केर्न ताडकन उठायला गेले, पण त्यांच्याआधी फ्राऊ आमोनचा आवाज छताला लागला.

"गेऑर्ग! तुझं आडनाव काय रे?"

"म्हणजे काय, माहीत नाही का तुला?"

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

गेऑर्गने ग्लास खाली ठेवला. बिचाऱ्याला अजून अंदाज आला नव्हता.

"एस्टराइखर."

एस्टराइखर म्हणजे जर्मनमध्ये सरळसरळ ऑस्ट्रियावाला!

गास्टहाऊस हसून हसून फुटलं. गेऑर्ग कानापर्यंत लाल. मग तोही हसला, उठला, आपली खुर्ची उचलून आमच्या टेबलाला घेऊन आला आणि माझ्यापुढे हात करून म्हणाला, "फ्राऊ साठे, आम्ही जरा आधी पोचलो, एवढंच!"

*

आता शेवटचा. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही स्वस्थ ऐकाल. सुवर्णपदक आम्हालाच मिळालं!

आमच्या जिल्ह्यात गावांची स्पर्धा असते. जूरी गावोगाव हिंडते, गाव कसं जपलंय ते बघते. उंटरक्लेमबाखच्या वेशीवर पदकाची पाटी कधीचीच लागली होती. आमच्या वेशीवर नुसतं गावाचं नाव. हेर केर्ननी त्या पाटीसाठी आयुष्याची उमेदीची वर्षं घातलेली. या खेपेला त्यांनी भाषण पाठ केलं, मिरवणुकीसारखा रस्ता आखला, आणि जूरी यायच्या आदल्याच आठवड्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी एक शब्दही बोलायला मनाई केली.

ते आमच्या दारात आले. डोळ्यांत पाणी. स्वतःच्या कोटावरचा अध्यक्षाचा बिल्ला काढला आणि माझ्या कुर्त्यावर लावला. मी म्हटलं, "हेर केर्न, नामांची लिंगं, डेअर-डी-डास, माझी अजून चुकतात! जूरी हसेल." त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या मागे श्रीकांत म्हणाला, "वृंदा, तू वर्गात उभी राहिलीस की तुला कुणाची भीती वाटत नाही. वर्ग समज."

मी वर्गच समजले.

जूरी आली. पाचजण, सगळे सुटाबुटात. त्यांचे अध्यक्ष उंच, टोपीवाले, जिल्ह्यातले मोठे साहेब. चेहऱ्यावरची घडी मोडेल तर शपथ. ऐन जुलै. कित्येक दिवस पावसाचा टिपूस नव्हता, गावातलं गवत वाळून करकरत होतं. मागे सगळं गाव, पुढे मी. चर्च दाखवलं, भट्टी दाखवली, युद्धाचं सांगितलं, परक्यांनी बांधलेले बांध दाखवले. डेअर-डी-डास यथेच्छ चुकले. साहेब नुसते "ह्म" म्हणत होते.

मग मी त्यांना गावाच्या बरोबर मधल्या हिरवळीवर उभं केलं.

"वरच्या जंगलात वाळूचा खडक. त्यातून पाणी झिरपतं. खाली तळ्यांकडे चिकणमाती. तिच्यातून पाणी जात नाही. आता सांगा, हे गाव अगदी वरती नाही, अगदी खाली नाही, नेमकं इथेच का वसलं?"

साहेबांना वाटलं नव्हतं की परीक्षा त्यांचीच आहे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तळ्यांवर ऊन चमकत होतं.

"आल्झो... इथून देखावा चांगला दिसतो म्हणून?"

काय झालं कोण जाणे. पुण्यातला माझा सातवी ब चा वर्ग समोर उभा राहिला. मी तर्जनी उगारली आणि खणखणीत मराठीत म्हणाले,

"चूक! खाली बस!"

हेर केर्ननी डोळे मिटून घेतले.

आणि साहेब बसले! सुटाबुटासकट, हिरवळीवर, मांडी घालून. ते बसले म्हणून बाकीचे चौघेही बसले.

मग साहेब जरा चुळबुळले. त्यांनी बसल्या जागी हाताने गवत चाचपलं. तळहात उलटा करून पाहिला. ओला! पॅंटला हात लावून पाहिला. चेहऱ्यावरची घडी हळूहळू मोडली, आणि त्यांनी बसल्या बसल्याच शाळेतल्या पोरासारखं बोट वर केलं.

"बाई, मी सांगू?"