कूस बदलल्याची सही

माझ्या कंबरेत उसण भरली तेव्हा मी नर्सिंगच्या मुलींना उसण कशी टाळायची ते शिकवत होते. "पेशंटला उचलताना गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही," असं म्हणत मी खाटेवरच्या बाईंना वर सरकवायला गेले आणि जी वाकले ती वाकलेलीच राहिले. मुलींना वाटलं, हाही धड्याचाच भाग. त्या वहीत लिहून घेत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्या दिवशी सगळ्या वॉर्डासमोर करून दाखवली. शेवटी चपलेचा पट्टा नीट करते आहे असं भासवून वेळ मारून नेली.

लपवायला कारण होतं. लोणावळ्यातल्या आमच्या हॉस्पिटलात कंबर गेलेल्या सिस्टरची जागा ठरलेली, केसपेपरची खिडकी. तिथं बसून नाव, वय, गाव विचारायचं. माझ्या आधीची एक चांगली हुशार सिस्टर त्या खिडकीवर गेली ती वॉर्डात परत आलीच नाही. मला वॉर्ड सोडायचा नव्हता. आमच्या वॉर्डात पडून राहिलेल्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम होत नाही, ही टिमकी मी येईल-जाईल त्याच्यापुढे वाजवत असे. म्हणून दुखणं अंगावर काढायचं ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'अंगावर काढू नका' म्हणून ओरडल्यावर एवढा हक्क मला होताच.

कंबरेचा पट्टा घ्यायला मी तळेगावला गेले. लोणावळ्यात घेतला असता तर मी घरी पोचायच्या आत मेट्रनना कळलं असतं. दुकानदाराला सांगितलं, सासूबाईंसाठी हवाय. त्यानं माप विचारलं, मी माझं दिलं. "बऱ्यापैकी जाड दिसतात सासूबाई," तो म्हणाला. आमच्या सासूबाई अंगानं काडी आहेत. पट्टा युनिफॉर्मच्या आत बसला, पण सैल करताना चर्रकन वाजायचा, म्हणून मी त्याच वेळी मोठ्यानं खोकायची. आठवडाभरात डॉक्टरांनी मला छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं.

त्याच सुमारास लोहगडवाडीचे एक आबा आमच्याकडे आले. गडाच्या पायऱ्यांवरून टपरीसाठी पाण्याच्या बाटल्यांची खोकी वाहताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं, पण अंगात ताकद उरली नव्हती, स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. दर दोन तासांनी कुणीतरी त्यांना वळवायचं आणि खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर मी सही करायची. खरं तर हे दोघींचं काम. पण भुशी धरणावर भिजायला येऊन पाय मुरगळून घेणाऱ्यांची रांग संपत नव्हती. त्यामुळे दिवसाच्या पाळीत कधी मी, कधी आमच्या आया मावशी, जिला जमेल ती एकटीच वळवायची.

पहिल्या दिवशी मी आबांना वळवलं, चेहऱ्यावर हसू ठेवून. ते माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, कंबर दुखती का तुमची?"

"छे हो आबा. ठणठणीत आहे मी."

"व्हय का," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेले तर म्हणाले, "आत्ताच मावशीनं वळीवलं. ऱ्हाऊ द्या." मला इतकं हायसं वाटलं की मी मावशींना विचारायलाही गेले नाही. सही केली. बारा वाजता तेच, दोन वाजताही तेच. मावशी अलीकडे फारच कामसू झाल्यात, असं मी मनात म्हटलं. चारचौघांत त्यांचं कौतुक करायचंही ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांचं अंग पुसायला मी आणि मावशी दोघी होतो. त्यांना कुशीवर केलं तर माकडहाडापाशी लाल डाग. बोटानं दाबून पाहिला, लाली गेली नाही. जखमेची सुरुवात अशीच होते.

"मावशी, काल तुम्ही वळवत होता ना यांना?"

"मी? आबा तर म्हनले, सिस्टरनी वळीवलं."

आम्ही दोघींनी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"उभा जलम वजं वाह्यलं म्या," ते भिंतीलाच म्हणाले. "कंबर गेल्यालं मानूस चालीवरनं कळतंय. तुमी दोगी बी तशाच चालता. मंग कशाला वाकवायचं तुमास्नी?"

मावशी पदराशी चाळा करत पुटपुटल्या, "दोन वर्सं झाली, ताई. बोलले असते तर कामावरनं काढलं असतं." मला खिडकीची भीती होती, त्यांना दाराची. तक्त्यावर माझ्या सह्या एकाखाली एक, वळणदार अक्षरात. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी मेट्रनकडे जाऊन कंबरेचं आणि सह्यांचं, दोन्ही सांगितलं. मावशींचं नाव घेतलं नाही. मेट्रन खूप रागावल्या. मग टेबलाला धरून, एक हात कंबरेवर ठेवत उठल्या. त्या दिवसापासून एकटीनं कुणी पेशंटला वळवायचं नाही असं ठरलं. मी, मावशी आणि मेट्रन, आम्ही तिघी आबांच्या खालची चादर धरायचो, मोजायला आबाच. "एक, दोन, तीन... तिगींची मिळून एक धड कंबर झाली बगा," म्हणायचे. डाग जायला दहा दिवस लागले.

आबा घरी गेले आणि मला खिडकी मिळाली. पुढं तपासणीला ते काठी टेकत आले, तेव्हा काचेमागे मीच होते. इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"आबा, न वळवता सह्या केल्या हो मी. चुकलं माझं."

"अन् म्या थापा मारल्या की. फिट्टंफाट!"

ते हसले, मीही हसले. पण डाग त्यांच्या पाठीवर उठला होता, माझ्या नाही. तेवढ्यात त्यांचा केसपेपर माझ्या हातून निसटून खाली पडला. मी खुर्ची मागे सरकवली तशी आबांनी काचेवर काठी आपटली.

"बसा ताई, बसा! वाकू नका."