भगत मॅडमनी मागे घेतलेला पेपर

भगत मॅडमनी माझी हातातोंडाशी आलेली नोकरी घालवली होती.

आज सकाळी सावंगीच्या दवाखान्यात मॅडम वारल्या. दुपारपासून सगळे त्यांच्या प्रेमळपणाबद्दल लिहितायत. प्रेमळ वगैरे त्या अजिबात नव्हत्या. कॉरिडॉरमध्ये त्यांचा आवाज आला की आम्ही चहाचे कप लपवायचो.

मी त्यांची शेवटची पीएचडी स्टुडंट. कारंजा घाडगेची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली.

विषय सांगते, घाबरू नका. झिंक ऑक्साइड म्हणजे घामोळ्यांच्या लोशनमध्ये असते ती पांढरी पावडर. तिच्यात चिमूटभर कोबाल्ट घालून भट्टीत भाजायची. पावडर हिरवी होते. अशी पावडर नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकासारखी वागते का, हे जगभर लोक शोधत होते.

आमची वागली.

मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, सॅम्पल बाहेर पाठवायचो. ग्राफ आला तो मध्ये पोट सुटलेल्या रेषेसारखा. त्याला लूप म्हणतात. लूप दिसला म्हणजे मॅग्नेट.

पेपर लिहिला, चांगल्या जर्नलने स्वीकारलाही. माझा पहिला, मॅडमचा रिटायरमेंटआधीचा शेवटचा. त्याच्या जोरावर मला एका कॉलेजातून इंटरव्ह्यूचा कॉल आला. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

आणि मॅडमना सुचलं.

"कोबाल्ट न टाकलेली पावडर पाठव."

"मॅडम, ती तर साधीच आहे. तिच्यात काय निघणार?"

"काई नाई निघालं तर बरंच आहे ना."

निघालं. साध्या पांढऱ्या पावडरीतही लूप. जिच्यात मॅग्नेट होण्यासारखं काहीच नव्हतं.

मॅडमनी भाजायची वाटी हातात घेऊन तिच्या बुडावर चमचा घासून पाहिला. भाजल्यावर पावडर वाटीच्या बुडाला घट्ट बसते. ती स्टीलच्या चमच्याने खरडून काढायची, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलेलं. दुधाची खरवड काढतात तशी. एक कण वाया गेलेला त्यांना खपायचा नाही. "आमच्या बोरगावच्या घरी खरडल्याबिगर भांडं घासाले जात नव्हतं," असं अभिमानाने सांगायच्या.

वाटी चिनी मातीची, कडक. चमचा झिजत होता, आणि लोखंडाचे न दिसणारे कण पावडरीत जात होते.

खात्री करायला सगळं पुन्हा केलं. या वेळी खरडायचं नाही, प्लास्टिकच्या चमच्याने वरवरची पावडर तेवढी घ्यायची. लूप गायब. हिरव्या पावडरीचाही. नुसती सरळ रेष.

मी म्हणाले, "मॅडम, एवढा इंटरव्ह्यू होऊ द्या. मग पेपर मागे घेऊ. तोवर कोणाला कळणार आहे?"

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत.

"उद्या तुयासारखीच एखादी पोरगी हा पेपर वाचन. दोन-तीन वर्षं पावडर भाजत बसन. तिले लूप दिसणार नाई. मंग थे म्हणन, मलेच काई येत नाई. तिले काय सांगशीन तू?"

मला त्या पोरीचं काही पडलेलं नव्हतं. मला प्रचंड राग आला होता.

मॅडमनी मला शेजारी बसवून एडिटरला मेल टाइप करायला लावला. त्या इंग्रजीत सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. "खरडायची पद्धत माझी होती. विद्यार्थिनीने मी शिकवलं तसंच केलं. चूक माझी आहे."

माझा हात थांबला. "मॅडम, आपल्या दोघींची लिहू या."

"तुयी नोकरी लागाची आहे अजून. माही झाली करून. टाइप कर."

इंटरव्ह्यूत पेपरबद्दल विचारलं. खरं ते सांगितलं. दुसऱ्या कुणालातरी घेतलं. मॅडमशी मी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

माझा थिसिस पुढे त्याच सरळ रेषेवर झाला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "म्हणजे मॅग्नेट मिळालाच नाही?" मी म्हटलं, "नाही सर. आणि नसताना तो कसा मिळतो, ते दाखवलंय." ते हसले, आणि मग तासभर फक्त त्या खरडण्याबद्दलच विचारत राहिले. मॅडम मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्या दिवशी माझा राग गेला.

आता मी त्याच डिपार्टमेंटला शिकवते. मगाशी हेड सरांचा फोन आला, उद्याच्या शोकसभेच्या ठरावासाठी मॅडमचं कार्य लिहून द्या.

मी पहिली ओळ लिहून त्यांना पाठवली: स्वीकारला गेलेला पेपर मॅडमनी स्वतःहून मागे घेतला, आणि चूक एकटीच्या नावावर घेतली.

सर म्हणाले, "अहो, शोकप्रस्तावात असं कुठं लिहितात? पुरस्कार सांगा ना."

मी म्हटलं, "पुरस्कार खाली टाका सर. वर हेच राहील."

उद्या सगळ्यांसमोर ते मीच वाचणार आहे.

जय भीम, मॅडम.