पेज कॅशमधला माझा एक बदल

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. कर्नेलविषयी लिहिण्याइतकं आपल्याला कळतं, असं मला अजूनही वाटत नाही. म्हणून आधीच माफी मागतो आणि जे घडलं तेवढंच सांगतो.

सुट्टीत मी वाटूरला लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात काम करायचो. तिथला जुना कॉम्प्युटर मोठा व्हिडिओ कॉपी करताना अडकून बसायचा. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फाइलचे तुकडे मेमरीत जिथं ठेवतो त्याला पेज कॅश म्हणतात. मेमरी संपत आली की कर्नेल फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिणाऱ्या भागाला, जागा मोकळी करायला सांगे, आणि फाइल सिस्टिम स्वतःच मेमरीची वाट बघत थांबलेली असे. अशा वेळी मेमरी मागताना फाइल सिस्टिमकडे जायचंच नाही, एवढा बदल मी एका ओळीत केला. अडकणं थांबलं. भीत भीत तो बदल कर्नेलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. त्यांनी तो चाचणीसाठी घेतला.

मग एका अनोळखी माणसाचा मेल आला. माझ्या बदलानंतर त्याच्या मशीनला वेळेवर मेमरी मिळाली नाही आणि कॉपी होणारी फाइल अर्धीच लिहिली गेली होती. तो मेल मी तीनदा वाचला.

दुकानाच्या मालकांना मी चाचा म्हणतो. ते म्हणाले, "इंजिनिअरसाब, काय बघून राह्यले एवढं?"

"चाचा, माझ्यामुळं एकाची फाइल बिघडली वाटतं."

"आपल्या गिऱ्हाइकाची?"

"न्हाई, परदेशातला हाय कुणीतरी."

"मंग बरंय. लाठी घेऊन दुकानात तर येणार न्हाई."

मला हसू आलं नाही. आमच्या दुकानात लग्नघरच्यांनी व्हिडिओ बघेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसत नाहीत. त्या माणसानं मूळ फाइल पुसली असेल तर? लिस्टवर सगळे माझ्या कोडवर बोलत होते, फाइलचं कुणीच विचारत नव्हतं. शेवटी मीच मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमची मूळ फाइल आहे ना?

उत्तर येईना. जेवण जाईना. आईला वाटलं, पोरगं नापास झालं. आणखी कुणाकुणाच्या मशीनवर ती ओळ चालत असेल, या विचारानं मी सारखा मेल उघडून बघायचो.

घनसावंगीच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो होतो, तेव्हा फोनवर त्याचा मेल आला. मूळ फाइल त्याच्याकडे शाबूत होती. माझा बदल मात्र कर्नेलवाल्यांनी काढून टाकला होता.