वाळकी काठी

सरांनी आलेखाचा कागद माझ्यासमोर आपटला. "बाई, ही गोळी सकाळी करंट नेत नाही आणि दुपारी नेते? मापताना झोपता काय?"

झोपते कसली! डीएनए आणि पॉलिमर मिळून केलेले नॅनोकण दाबून मी गोळ्या करायची आणि त्यांतून वीज किती जाते ते मापायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. डीएनए माशाचा. ते ऐकून आई म्हणाली होती, "मग येवढ्या लांब काहून गेलीस? आपल्या सिद्धेश्वरच्या धरणात मासे कमी व्हते का?"

शेवटी चूक सापडली. गोळ्या ठेवायच्या भांड्याचं झाकण सैल होतं. डीएनए हवेतली ओल ओढून घेतो. गोळी हाताला कोरडीठाक लागते, पण त्या ओलीमुळं तिच्यातून करंट जातो. सर खूश झाले. मला मात्र घरची बांबूची काठी आठवली.

मी आठवीत असताना आमच्या घरातली लाईट तारेवर टाकलेल्या आकड्यावर चालायची. वारं सुटलं की आकडा निसटायचा, आणि माझा थोरला भाऊ, दादा, बांबूच्या काठीनं तो पुन्हा चढवायचा. त्या सकाळी त्याला मेंढरं सोडायची घाई होती. पायात चप्पलही नव्हती. "काय गं मास्तरीण, शॉक तर न्हाई ना बसणार?"

मी ऐटीत म्हणाले, "वाळक्या लाकडातून करंट जात न्हाई. बराबर लिहिलंय पुस्तकात."

काठी वाळकीच दिसत होती. दादा जागच्या जागी गेला.

माझं ते बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. शिकायच्या निमित्तानं गाव सोडलं, सणावारालाही जायचं टाळलं. पण आता मीटरवरचं रीडिंग चढायला लागलं की कानाशी आवाज यायचा, "काय गं मास्तरीण?" खोटं कशाला बोलू, मला त्या खोलीत एकटीनं बसायची भीती वाटायची.

त्या दिवाळीला घरी गेले. आई चुलीपुढं बसली होती. तिला एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "आदल्या दिशी त्या काठीवर मीच वली गोधडी वाळू घातली व्हती. रातभर तशीच ऱ्हायली. सकाळी त्याला घाई, म्हणून गोधडी वढून काढली आन् काठी त्याच्या हातात देली."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"तू शिकलेली. मला वाटलं, तुला समजलं आसंल. म्हणूनच तू घरी येईना झालीस."