तिसऱ्यांदा विचारलं तर

भिकाजी मुळ्ये बंदर खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांनी एका डॉक्टरांची जुनी फियाट विकत घेतली, तेव्हा मांडवीतल्या त्यांच्या आळीने एकमुखाने निकाल दिला की साठी यायच्या आधीच अण्णांची बुद्धी नाठी झाली. गाडी चालवायला येत नाही, घरात दुसरं माणूस नाही, बाजार पायाखालचा आणि समुद्र दारात. जाणार कुठे हा माणूस? रघू टॅक्सीवाल्याला शिकवणीला धरून अण्णा सकाळी सकाळी गाडी पुढे-मागे करत, तेव्हा दूध आणायला निघालेल्या बायका गडग्याला चिकटून उभ्या राहत आणि गाडी गेल्यावर पदरात तोंड घालून हसत.

गाडी का घेतली हे अण्णांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. आईच्या आजारपणात लग्न राहून गेलं, मग आईही गेली. ऑफिस होतं तोवर निदान दिवसभर कोणीतरी हाक मारत असे. ते सुटल्यावर वाचनालयातलं पुस्तक घेऊन संध्याकाळी मांडवीच्या पुळणीवर जाऊन बसलं, की अंधार पडेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायची वेळ येत नसे. वाचनाचा नाद त्यांना शाळेपासूनचा. पण नाद म्हणून वाचणं वेगळं आणि दुसरं काही नाही म्हणून वाचणं वेगळं. पुस्तकातली माणसं आपसात खूप बोलतात, वाचणाऱ्याला मात्र एकदाही ‘जेवलास का’ म्हणून विचारत नाहीत. तेव्हा अण्णांनी मनाशी साधा विचार केला, की ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे माणसं.

आणि माणसं आली की. शेजारच्या बिऱ्हाडात पुण्याहून बदली होऊन आलेलं कुटुंब होतं. बँकेतला श्याम, त्याची बायको मालिनी आणि हायस्कुलात जाणारी लीला. माणसं लाख चांगली. कोकण बघायची त्यांना भारी हौस आणि एसटीत लीलाला उलट्या होत. अण्णांनी एकदा कुंपणावरून सहज म्हटलं, “गाडी आहे हो, जाऊ या कुठंतरी.” तिथून सहली सुरू झाल्या. पेट्रोल श्याम भरायचा, डबा मालिनीचा, गाडी आणि ड्रायव्हर अण्णा.

आता इथे अण्णांच्या आईची शिकवण सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. कोणी काही विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, लगेच हो म्हणणारा हावरा दिसतो. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, म्हणजे समोरच्याला आग्रह करायला जागा राहते. तिसऱ्यांदा विचारलं तर मान तुकवायची, नाहीतर तो उद्दामपणा होतो. त्या वेळच्या साऱ्या आळीचाच हा कायदा होता आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यामुळे कोणी चहावाचून परत जात नसे. मालिनीच्या माहेरी मात्र दुसराच कायदा. माणसाला एकदा विचारावं, त्याने नको म्हटलं की त्याच्या शब्दाचा मान राखावा, पुन्हापुन्हा विचारून भंडावू नये. दोन्ही कायदे आपापल्या जागी सभ्यच. पण एकाच गाडीत बसल्यावर त्यातला एक उपाशी राहणार, हे उघड आहे.

पहिली सहल आंजर्ल्याची. तिथली खाडी ओलांडायला तेव्हा पूल नव्हता. हर्णैच्या बाजूला काठावर गाडी ठेवायची, होडीने पलीकडे जायचं आणि मग गणपतीच्या देवळापर्यंत कडा चढायचा. देऊळ अलीकडूनही दिसतं, झाडीतून वर आलेलं पांढरंशुभ्र. काठावर उतरल्यावर श्यामने विचारलं, “अण्णा, येताय ना?” अण्णांनी रिवाजाप्रमाणे म्हटलं, “नको, तुम्ही जाऊन या. मी बसतो गाडीजवळ, पुस्तक आहे माझ्याकडे.” आणि ते दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभे राहिले. “बरं,” श्याम म्हणाला. तिघं होडीत बसून गेलीसुद्धा.

तेवढ्यावरून नियम पडला. मार्लेश्वरच्या पायऱ्यांपाशी, हेदवीच्या समुद्रावर, जिथे जातील तिथे अण्णा गाडीजवळ. नंतर नंतर विचारणंही बंद झालं. मालिनी पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, “आमच्या अण्णांना पुस्तक दिलं की जग नको.” अण्णा हसायचे. खरी गोष्ट अशी, की दर सहलीला त्यांच्याबरोबर एकच पुस्तक असायचं. खाकी कव्हर घातलेली एक जाडजूड कादंबरी, एसटीचं जुनं तिकीट खुणेला घातलेली. ती सगळ्या सहली करून आली तरी तिकीट होतं त्याच पानात राहिलं. घरी रात्रीत पुस्तक संपवणाऱ्या माणसाला गाडीत बसून एक ओळ वाचवत नसे. तिघं ज्या वाटेने गेली त्या वाटेकडे तो बघत बसायचा. आणि दोन वर्षांत ‘दर वेळी हेच पुस्तक कसं’ म्हणून कोणी विचारलं नाही, हे अण्णांना पुस्तकापेक्षा जास्त लागलं होतं.

एकट्याने देवळात जायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. एकट्याने ते सगळीकडेच जात होते. त्यांना एकदा त्या होडीत चौथा म्हणून बसायचं होतं.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. जोडून सुट्टी, म्हणून श्यामने विचारलं, कुठे जायचं? अण्णा चटकन म्हणाले, “पुन्हा आंजर्ल्याला जाऊ.” इतकं चटकन ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. निघायच्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांनी आरशासमोर एक वाक्य म्हणून पाहिलं. “चला, आज मीही येतो.” सोपं वाक्य आहे, लहान मूलही म्हणेल. खाकी कव्हराची कादंबरी त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवली आणि निघताना दाराला कुलूप लावलं.

शनिवारी दुपारी बँक सुटल्यावर गाडी निघाली. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूणला चहा, मग खेड. घाटाघाटांनी लीला मागून गाणी म्हणत होती, अण्णा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. दापोलीच्या लॉजमध्ये रात्री जेवताना मालिनीने विचारलं, “अण्णा, आमटी?” तेव्हा त्यांनी पहिल्याच फटक्यात “वाढा” म्हटलं. स्वतःच्या निर्लज्जपणाचं त्यांना हसू आलं आणि जरा धीरही आला.

रविवारी सकाळी खाडीच्या काठावर पोचले तेव्हा भरती होती आणि होडी लागलेलीच होती. अण्णांनी गाडीच्या काचा वर केल्या, दारं लावली, किल्ली खिशात टाकली. आता म्हणायचं. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात मालिनी पिशवीतून एक पुडकं काढत समोर आली.

“काल निघतानाच माझ्या लक्षात आलं, तुमच्या हातात पुस्तक नव्हतं,” ती म्हणाली. “म्हटलं, अण्णा विसरले. आता दिवसभर करणार काय? चिपळूणला तुम्ही चहा घेत होतात ना, तेव्हा स्टँडवरच्या स्टॉलवरून हे घेतलं. अगदी नवीन आहे.”

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की पुस्तक घेण्याखेरीज इलाज नव्हता. आपल्यासाठी वाटेत थांबून कोणी काही विकत घ्यावं, असं अण्णांच्या बाबतीत किती वर्षांत घडलं नव्हतं. त्यांना गहिवरून आलं आणि त्याच क्षणी आपण पुन्हा काठावरच राहिलो हेही कळलं.

श्यामच्या मनात काय आलं कोण जाणे, तो होडीकडे जाता जाता वळला. “की येताय आज आमच्याबरोबर?”

हेच ऐकायला माणूस दोन वर्षं थांबला होता. पण आईची शिकवण जिभेवर बसलेली, जीभ मनाच्या आधी धावली. “छे हो, नको. जाऊन या तुम्ही.”

“चला ना आजोबा,” लीला म्हणाली.

“नको गं. चढ आहे तो.” दोन झाले. अण्णांचा उजवा पाय नकळत पुढे पडला. आता तिसऱ्यांदा.

श्यामने तोंड उघडलंही होतं. मालिनीने त्याचा दंड धरला. “अरे, दोनदा नको म्हणाले ना ते? कशाला भिडेत पाडतोस?” मग अण्णांकडे बघून ती गोड हसली, जणू त्यांना संकटातून सोडवलं. तिघं होडीत बसली. चौथी फळी रिकामी होती. अण्णांनी हात केला, लीलाने हात केला, आणि होडी पलीकडे लागेपर्यंत ते तिथेच चिखलात उभे राहिले. मग गाडीत येऊन बसले. पुस्तक उघडलं, तर पानं एकमेकांना जोडलेली, कापायची राहिलेली. त्यांनी ते शेजारच्या सीटवर ठेवलं. रडावंसं वाटत होतं, पण भर सकाळी गाडीत बसून रडणार कसं?

काठावर भागोजीची चहाची टपरी होती. बऱ्याच वेळाने तो फडक्याला हात पुसत आला. “च्या?”

“नको.”

“अर्धा?”

“नको हो.”

भागोजीने भरलेला पेला आणून बॉनेटवर ठेवला. “प्या. पत्रा तापलाय, थंड व्हनार नाय.” मग बाजूच्या दगडावर बसून त्याने विडी पेटवली. “मागं आलेलाव तवाबी तुमी हितंच बसलेलाव. देवाशी भांडान हाय काय?”

“गाडीजवळ कोणीतरी हवं ना.”

“गाडी कोन खातंय? मी हाय ना हितं. किल्ली द्या नि जावा.”

“आता कशाला? येतीलच ती इतक्यात.”

“येतील तर बसतील. होडी लागलीय, जावा.”

“नको हो, राहू दे.”

भागोजी उठला, दार उघडून उभा राहिला. “जावा म्हनतो ना.”

अण्णांनी मान तुकवली. किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि धोतराचा सोगा वर धरून ते होडीत चढले.

खाडीच्या मध्यावर समोरून दुसरी होडी आली. तिच्यात तिघं होती. लीलाच्या कपाळाला शेंदूर लागलेला, मालिनीच्या हातात नारळाची पिशवी. “अण्णा?” श्याम अर्धवट उठून उभा राहिला. “अहो, आम्ही आलो परत! कुठे निघालात?”

अण्णांच्या होडीवाल्याने वल्हं थांबवलं. “मान्सां तुमचीच ना? फिरवू काय मागं?”

अण्णांनी पांढऱ्या देवळाकडे पाहिलं, मग त्या होडीकडे. आता ही होडी फिरवली तरी त्या होडीत ते बसणार नव्हतेच.

“नको,” ते म्हणाले.

होडीवाल्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. वल्हं पाण्यात पडलं. होड्या एकमेकींना ओलांडून गेल्यावर अण्णांना एकदम आठवलं, तसे ते मागे वळून ओरडले, “किल्ली टपरीवाल्या भागोजीकडे आहे. पुस्तक सीटवर आहे, वाचत बसा.” मालिनी काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यावर गेलं.

चढ त्यांनी तीन ठिकाणी बसून चढला. देवळात दुपारची सामसूम होती. अण्णांनी गणपतीला नमस्कार केला, काय मागायचं ते काही सुचेना, म्हणून नुसतेच उभे राहिले. बाहेर येऊन कठड्यापाशी गेले तर सगळी खाडी खाली पसरलेली. पलीकडच्या काठावर गाडी काडेपेटीएवढी दिसत होती आणि तिच्याजवळ तीन ठिपके. एक ठिपका हलत होता. हात करताहेत की लवकर या म्हणताहेत, ते इतक्या लांबून कळेना. अण्णांनी आपला हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला.

पुजारी मागून आला. “एकटेच आलात?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “आम्ही चौघं आहोत. बाकीची गाडीजवळ थांबलीत.”

“मग त्यांना नाही का यायचं दर्शनाला?”

अण्णांनी खालच्या तीन ठिपक्यांकडे पाहिलं.

“त्यांना वाचनाची फार आवड आहे,” ते म्हणाले, आणि प्रसादासाठी ओंजळ पुढे केली.